हेतू कसा तपासायचा: करायच्या आधी, करताना आणि करून झाल्यावर

आपण एखादी गोष्ट का करतोय ते आपल्याला पक्कं माहीत असतं असं सगळेच धरून चालतात, पण तसं नसतं. १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. टेबलावर पायमोज्यांचे चार जोड ठेवलेले, चारी अगदी सेम, आणि गिऱ्हाइकांना विचारलं यातला चांगला कुठला. सगळ्यात जास्त लोकांनी उजव्या टोकाचा निवडला, कारण विचारल्यावर वीण चांगली आहे वगैरे सांगितलं, जागेचं नाव कुणीच काढलं नाही. म्हणून नुसतं "मी हे कशापायी करायलोय?" विचारत बसलं तर मन एक बऱ्यापैकी कारण बनवून देतं आणि आपण खूश.

यापेक्षा चांगली पद्धत फार जुनी आहे. बुद्धांनी राहुलला, म्हणजे स्वतःच्या मुलाला सांगितलं की आरसा जसा बघण्यासाठी असतो तसं प्रत्येक काम करायच्या आधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. राहुलला खोटं बोलण्याबद्दल केलेला हाच उपदेश ऐकत राहा असं सम्राट अशोकानं राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात भिक्खूंना आणि उपासकांनाही सांगितलंय, म्हणजे हे फक्त साधूंचं काम नाही.

सुरुवात एका छोट्या कामापासून करा. आयुष्याचं ध्येय वगैरे आत्ता नको. मंडळाची वर्गणी, ग्रुपवर टाकायचा मेसेज, पाव्हण्यांना करायचा फोन, असलं काहीतरी घ्या.

करायच्या आधी वहीत एकच ओळ लिहा: हे झाल्यावर काय व्हावं असं मला वाटतंय, आणि ते कुणी बघावं? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बोर्डावर नाव लागणार नसेल तरी तेवढीच वर्गणी देणार का? उत्तर नाही आलं तर लगेच स्वतःला वाईट ठरवू नका, कारण लोकांनी बघावं असं वाटणं दरवेळी खोटंच असतं असं नाही. आपल्या कोल्हापुरातच बघा की, शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा सगळ्यांदेखत प्यायचे. तिथं लोकांनी बघणं हेच तर काम होतं, अस्पृश्यता मोडायची होती, लपून पिऊन काय उपयोग झाला असता? म्हणून मी पुढं अजून एक विचारतो, बघितल्यानं फायदा कुणाचा? पुरात मदत वाटताना हिशोबासाठी फोटो काढला तर ठीकच, पण फोटोसाठी रांग थांबली आणि म्हातारी पाकीट हातात धरून उभी राहिली, तर हेतू तिथं उघडा पडतो. आणि हेतू निम्मा-निम्मा असेल तर काम सोडू नका, फोटो सोडा.

करताना बघणं सगळ्यात अवघड, कारण हेतू मधेच बदलतो आणि कळतही नाही. पोराला गणित समजवायला बसता, त्याच्यासाठीच बसता, मग तो दोनदा चुकतो, आवाज चढतो, मागच्या परीक्षेचे मार्क निघतात, आणि आता त्याला गणित यावं यापेक्षा त्यानं गप ऐकावं हे जास्त हवं असतं. आवाज चढला आणि जुनं काहीतरी निघालं, की समजायचं. तिथंच थांबायचं, "थांब बाळा, पाणी पिऊन येतो" म्हणून उठायचं. राहुललाही हेच सांगितलंय, त्रास होतोय असं दिसलं की ते काम तिथंच सोड.

केल्यावर जर बोलण्यातनं किंवा कृतीतनं कुणाला दुखवलं असेल तर ते जाणत्या माणसाला उघड सांगायचं. माणूस नीट निवडा. रंकाळ्यावर फिरताना "जाऊ दे रे, तुझं बरोबरच हाय" म्हणणारा दोस्त यासाठी चालत नाही, शांतपणे "मग तुला काय पाहिजे होतं?" विचारणारा पाहिजे. ज्याला दुखवलं त्याची माफी वेगळी मागायची, ती यात धरू नका. नुसता मनात वाईट विचार आला असेल तर गावभर सांगत सुटायची गरज नाही, त्याची लाज वाटू द्यायची आणि पुढच्या वेळी सावध राहायचं.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. तपासल्यावर काम चांगलं निघालं तर आनंदात राहा, असंही त्याच उपदेशात सांगितलंय. तेव्हा वहीत नुसत्या चुका लिहू नका, पोरगं शेवटी हसत उठलं असेल तर तेही त्याच पानावर लिहा.