पेरते व्हा, पी कहाँ, चोख गॅलो: सीमेपलीकडच्या मित्रांसोबत एका पक्ष्याची गोधडी कशी करायची

पावशा ओरडायला लागला की आपल्याकडे म्हणतात बघा "पेरते व्हा" सांगतोय. तोच पक्षी, तीच चढत जाणारी हाक, हिंदी-उर्दूवाल्यांना "पी कहाँ" ऐकू येते, म्हणजे माझा सखा कुठेय, आणि बंगालीत, मग कोलकाता असो नाहीतर ढाका, तो "चोख गॅलो" म्हणतो, डोळे गेले! इंग्रज इथे आले त्यांना उन्हाळ्यात झोप लागेना म्हणून त्यांनी ऐकलं "ब्रेन फीव्हर". म्हणजे एकाला पेरणी आठवते, एकाला विरह, एकाला आंधळेपण आणि एकाला ताप, आणि पक्षी बिचारा फक्त आपली हद्द सांगतोय नि मादीला बोलावतोय.

आम्ही तिघांनी (एक लाहोरला, एक ढाक्याला, एक इकडे) यावर एक काम केलं, आवाजाचं आणि कापडाचं (पक्ष्याची हाक आणि लोकांच्या नकला रेकॉर्ड केल्या, आणि हाकेचं चित्र कापडावर शिवलं), आणि बरेच जण विचारतात कसं केलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, "पक्ष्यांना सीमा नसतात" या वाक्याने सुरुवात करू नका. सीमा आपल्याला असते आणि कामाच्या प्रत्येक पायरीवर ती आडवी येते, ती धरूनच काम आखावं लागतं.

पक्षी एकच घ्या. दहा पक्षी घेतले की नुसता कोलाज होतो, कोणाचंच काही नीट ऐकू येत नाही. पावशा सोपा कारण त्याची हाक शब्दांसारखी आहे. कोकीळ पण चालेल, आपल्याकडे तो वसंताचा, श्रीलंकेत त्याला कोहा म्हणतात आणि तो एप्रिलमधल्या सिंहली-तमिळ नववर्षाची वर्दी देतो. (आणि हो, कुहूकुहू करणारा काळा नर असतो, मादी ठिपक्यांची असते आणि नुसती किक-किक-किक करते, पण आपल्या गाण्यांत कवितांत गाते ती कोकिळाच. ही चूक दुरुस्त करत बसू नका, ती चूक हीच तर आठवण आहे.) ज्यांना लोकगीतांत जास्त रस आहे त्यांनी कुरजां घ्यावा, राजस्थानात कुरजां आणि पंजाबी-सिंधीत कूंज, दोन्हीकडच्या गाण्यांत हा क्रौंच येतो आणि पक्षी खराच मध्य आशिया-मंगोलियाकडून हिवाळ्याला राजस्थानात खीचनला उतरतो.

एक सावधगिरी, पपीहा म्हणजे पावशा की चातक यात जुन्या कवितांत बराच गोंधळ आहे. म्हणून नावावर जाऊ नका, आवाज ऐकवून विचारा.

आता हे विचारणं, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच. आजीसमोर बसून "तुमच्या संस्कृतीत या पक्ष्याचं स्थान काय" असं विचारलंत तर उत्तर शाळेच्या निबंधासारखं येतं. आम्ही फक्त एक करायचो, रेकॉर्डिंग लावायचं, नाव सांगायचं नाही आणि विचारायचं "हा काय म्हणतोय?" बस. मग गप्प बसायचं, पहिली दहा-पंधरा सेकंद अवघड जातात पण तेवढी जाऊ द्या. माणूस आधी हसतो, मग नक्कल करतो, आणि नक्कल करताना जो शब्द येतो तो तुमचा खरा माल, त्याच्यामागून गोष्ट आपोआप येते, कोणतं झाड, कोणती विहीर, कोण ओरडायचं. नक्कल जरूर रेकॉर्ड करा, ती अर्थापेक्षा महत्त्वाची, कारण एकच पक्षी बंगाली तोंडातून आणि मराठी तोंडातून वेगळ्या सुरात निघतो.

1947 किंवा 1971 मध्ये घर सोडलेली माणसं असतील तर जपून. पक्ष्याच्या आवाजावरून माणूस थेट जुन्या अंगणात जातो आणि तिथे काय काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मशीन बंद करायला लाजू नका. परवानगी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, नाव द्यायचं का नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि नंतर "माझा आवाज काढून टाका" म्हणाले तर कारण न विचारता काढायचा. हे तिघांनी आधीच एका पानावर लिहून ठेवा, त्यातच हेही लिहा की कोणी प्रमुख नाही आणि तिघांचा होकार नसेल तर काम कुठे दाखवायचं नाही.

पक्ष्याचं रेकॉर्डिंग फोनवर होतं, महागडं काही लागत नाही. पण फोनचा साधा व्हॉइस मेसेज वापरू नका, त्यात आवाज दाबला जातो आणि मागचा "गोंगाट" म्हणून नेमका पक्षीच कापला जातो. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट, 48 किलोहर्ट्झ, नॉइज रिडक्शन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. झूमवर एकमेकांना ऐकवताना "ओरिजिनल साउंड" चालू करा, नाहीतर समोरच्याला शांतता ऐकू येईल आणि तुम्ही इकडे भारावून बसलेले असाल, आमचा पहिला कॉल असाच गेला.

पावशा उन्हाळा ते पावसाळा भरपूर ओरडतो, रात्री पण, त्यामुळे पहाटेच उठायला पाहिजे असं नाही. पण आम्ही एक मुद्दाम केलं, तिघांनी आपापल्या सूर्योदयाच्या अर्धा तास आधी रेकॉर्ड लावलं. ढाका आणि लाहोर यांच्यात साधारण 16 अंश रेखांशाचा फरक आहे, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे ढाक्यात साधारण तासभर आधी उजाडतं. पण ढाक्याचं घड्याळ पण लाहोरच्या एक तास पुढे आहे, त्यामुळे घड्याळात दोन्हीकडे जवळपास सारखीच वेळ दिसते! आणि आपण मध्येच अर्ध्या तासावर लटकलेलो. म्हणून फाइलच्या नावात यूटीसी (सगळ्या जगाला एकच असलेली प्रमाण) वेळ टाका, मग तारीख, गाव, पक्षी, नाहीतर महिनाभराने कोणती फाइल कधीची काही कळत नाही.

दोन गोष्टी करू नका. पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर त्याचीच हाक लावू नका, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत आलाय, आणि विणीच्या दिवसांत तो सगळं सोडून भांडायला येतो. आणि सीमेजवळ, छावणीजवळ, पुलाजवळ माइक घेऊन उभे राहू नका, "मी पावशा रेकॉर्ड करतोय" हे तिथे कोणाला पटणार नाही.

स्वतःचं रेकॉर्डिंग जमलंच नाही तर झेनो-कँटो या वेबसाइटवर (2005 पासून चालू आहे) जगभरच्या पक्ष्यांचे आवाज मिळतात. फक्त प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं ते वाचा. "एनडी" लिहिलेलं असेल तर त्यात कापाकापी, मिक्सिंग करून बाहेर देता येत नाही, रेकॉर्ड करणाऱ्याला विचारावं लागतं. एक्ससी नंबर (साइटवरचा त्या फाइलचा क्रमांक) आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव शेवटी द्यायचंच.

आता कापड. खरं सांगायचं तर हे आमच्या डोक्यात आधी नव्हतं. आपली गोधडी, बंगालची कांथा, सिंधची रल्ली, तिन्ही जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने शिवायच्या कामातल्या, आणि पावशाची हाक स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाचं चित्र, आडवा वेळ आणि उभी सुराची उंची) बघितली तर ती पण टाक्यांसारखीच दिसते, तुटक तुटक रेघा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा वर, आणि टोकाला जाऊन एकदम बंद. ते बघून ढाक्याची मैत्रीण म्हणाली हे तर शिवलेलंच आहे.

ऑडासिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फाइल उघडा, ट्रॅकच्या मेन्यूत स्पेक्ट्रोग्राम निवडा, सेटिंगमध्ये स्केल लिनिअर करा आणि वरची मर्यादा 4000 हर्ट्झ. पावशाची मुख्य रेघ त्यात बसते. मग ग्राफ पेपरवर उतरवा, 1 सेकंद म्हणजे आडवे 10 सेंमी, 200 हर्ट्झ म्हणजे उभा 1 सेंमी, म्हणजे सहा सेकंदांचा तुकडा 60 बाय 20 सेंमीचा झाला. हे माप तिघांनी आधी ठरवा, लिहून ठेवा, परत एकदा विचारा. आमच्यात लाहोरवाल्याचं स्केल लिनिअरऐवजी "मेल" नावाच्या दुसऱ्या स्केलवर राहिलं आणि त्याचा पावशा बाकी दोघांच्या मानाने भलताच उंच चढला. उसवायला जीव होईना. तसाच ठेवला.

कार्बन पेपरने जुन्या सुती साडीच्या नाहीतर चादरीच्या थरांवर उतरवून धावदोरा. आवाज जोरात तिथे 3 पदरी धागा, मंद तिथे 1 पदर, आणि शांततेच्या जागी काही शिवू नका, मोह होतो पण नको.

आणि इथे सीमा आली. कापड एकमेकांना पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या, 2025 च्या मे महिन्यात भारताने पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सल बंद केलं, आणि चालू असतं तेव्हाही काय पोचेल सांगता येत नाही. म्हणून कापड पाठवायचं नाही, आलेख पाठवायचा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा पक्षी शिवायचा. लाहोरचा पावशा ढाक्यात शिवला गेला, ढाक्याचा माझ्याकडे, माझा लाहोरात. साठ सेंटिमीटर दुसऱ्याच्या गावची पहाट टाक्या-टाक्याने शिवायला मला अकरा दिवस लागले, त्यात एका ठिकाणी बारीक आडवी रेघ होती, विचारलं तर ढाक्याची मैत्रीण म्हणाली तो लांबचा लाँचचा भोंगा, मग तो पण शिवला.

आवाजाचा भाग छोटा ठेवा, पाच-सहा मिनिटं. तिन्ही भाषा एकावर एक चढवून "एकतेचं" संगीत करायचा मोह सगळ्यांना होतो, आम्ही पण केलं, ऐकवेना, रेल्वे स्टेशन वाटत होतं. मग साधं केलं. पक्षी चढतो, टोकाला तुटतो, आणि त्या तुटलेल्या जागी एक माणूस बोलतो, "पेरते व्हा". परत पक्षी, परत तुटतो, "चोख गॅलो". भाषांतर नाही, मागे तबला-बासरी नाही. 200 हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा, म्हणजे वारा आणि गाड्यांची घरघर जाते, पण बाकी सफाई जास्त करू नका, भांडी, अजान, घंटा, कुत्रं असू दे.

झाल्यावर ज्यांनी सांगितलं त्यांना आधी ऐकवा, लिंक पाठवून नाही, समोर बसून, आणि तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा. आमच्या एका आजींनी पूर्ण ऐकलं आणि बंगाली बाईच्या नकलेवर म्हणाल्या, "चुकतंय तिचं, शेवटी तो असा वर नाही जात," आणि स्वतः करून दाखवलं. ते आम्ही शेवटी जोडलं, आणि ढाक्याहून त्याला उत्तर आलंय, ते अजून जोडायचंय.