रजेच्या अर्जावर साहेब गणित मांडू लागले तर

पगारपत्रकं करण्यात माझी २१ वर्षं गेली, तरी या गणिताने एकदा मला गप्प बसवलं होतं. चार दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन गेले, तर साहेबांनी तो उलटा केला आणि लाल पेनाने पाठीवर लिहायला लागले. वर्षाचे दिवस ३६५. रोज ८ तास झोप, म्हणजे १२२ दिवस गेले. रोज ८ तास घरचे, आणखी १२२. राहिले १२१. शनिवार-रविवार १०४, राहिले १७. रोज अर्धा तास जेवण, त्याचे ८ दिवस. सणांच्या सुट्ट्या ९. राहिलं शून्य. "आणि वर रजा हवी?"

तुमच्यावर ही वेळ आली तर हसू नका. हसलात की हिशेब मान्य केल्यासारखं होतं. पेन मागून घ्या आणि नुसता क्रम बदला.

शनिवार-रविवार आधी काढा. ३६५ वजा १०४, २६१. त्यातला तिसरा हिस्सा झोपेचा, ८७. तिसरा घरचा, ८७. उरले ८७! आकडे तेच, पण १७चे ८७ झाले. गोम अशी की साहेबांनी रविवारची झोप दोनदा कापली. एकदा रोजच्या ८ तासांत, आणि पुन्हा अख्खा रविवार वजा करताना. घरच्या वेळेचंही तेच.

"८७च ना?" असं साहेब म्हणतीलच. मग सांगा, हे दिवस २४ तासांचे आहेत. ८७ गुणिले २४, २०८८ तास. त्याला ८ने भागा, २६१ हजेऱ्या. मस्टरवर २४ तासांची एक सही कोण करतं?

जेवणाचं फार ताणू नका. फक्त विचारा, सुट्टीच्या दिवशी घरी जेवलेलं ऑफिसच्या खात्यातून का कापलं?

एक मात्र सांभाळा. हिशेब तासांपाशीच थांबवा, त्या तासांत प्रत्यक्ष काम किती झालं हे उकरायला जाऊ नका. मी अर्ज नेला त्या दिवशी सकाळचा पाऊण तास प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यात गेला होता, आणि तो कागद म्हणजे हाच अर्ज.

रजा मंजूर झाली. पण पाठीवर लाल पेनाचा हिशेब, त्यामुळे फाइलला लावायला अर्ज पुन्हा छापावा लागला. तोही ऑफिसच्या वेळेत.