वायमार जर्मनीचे परराष्ट्र धोरण अभ्यासायला घेताना

वायमार जर्मनीवरच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या (१९१९-१९३३) जर्मन प्रजासत्ताकावरच्या, माझ्या एम.ए.च्या प्रबंधात ‘जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्णमार्कांची युद्धभरपाई लादली गेली’ असे मी निःशंकपणे लिहिले होते. मार्गदर्शक बाईंनी आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून विचारले, “हा आकडा कोणाला दाखवण्यासाठी होता?” या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने तो प्रश्न हाताशी ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

मे १९२१ च्या लंडन वेळापत्रकात, म्हणजे विजेत्या दोस्त राष्ट्रांनी ठरवलेल्या भरपाईच्या आराखड्यात, ही रक्कम १२, ३८ आणि ८२ अब्जांच्या ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ रोख्यांत विभागलेली होती. ‘क’ रोखे जर्मनीची ऐपत वाढली तरच निघणार होते. म्हणजे खरी मागणी ५० अब्जांच्या आसपास होती आणि उरलेला मोठा आकडा मुख्यतः फ्रान्स-ब्रिटनमधल्या मतदारांच्या समाधानासाठी होता. जर्मनीत मात्र लोकांच्या मनात १३२ हाच आकडा रुतला. रुर हा जर्मनीचा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेण्याच्या दोस्त राष्ट्रांच्या धमकीमुळे चॅन्सेलर योझेफ विर्ट यांच्या नव्या मंत्रिमंडळाने ११ मे रोजी अटी स्वीकारल्या. प्रामाणिकपणे भरत गेलो तर ऐपत नसल्याचे आपोआप सिद्ध होईल, असा त्यांचा हिशेब होता. या ‘पूर्ततेच्या धोरणा’ला उजव्या गटांनी देशद्रोह ठरवले. सोव्हिएत रशियाशी झालेल्या रापालो करारानंतर अवघ्या दहा आठवड्यांत, २४ जून १९२२ रोजी, परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांची बर्लिनमध्ये भररस्त्यात हत्या झाली. म्हणून अंतर्गत राजकारण आणि परराष्ट्र धोरण यांच्या टिपणवह्या वेगळ्या करू नका. मी केल्या आणि वर्ष वाया घालवले.

नंतरचे परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह श्ट्रेझेमान यांनी ७ सप्टेंबर १९२५ रोजी माजी युवराजांना (पदच्युत कैसरच्या मुलाला) लिहिलेले पत्र वाचतानाही तोच प्रश्न विचारावा. त्यात डावपेचाने वेळ काढण्याची भाषा आहे, आणि तेवढ्यावरून जर्मनीची पश्चिम सीमा मान्य करणारा लोकार्नो करार ही निव्वळ फसवणूक होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्या वेळी उजवा जर्मन राष्ट्रवादी पक्ष मंत्रिमंडळात होता, उजव्यांना राजी करणे भाग होते, आणि पत्र वाचणारा राजघराण्यातला होता.

जर्मन भाषेला पर्याय नाही. त्या काळची बरीचशी वृत्तपत्रे फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत आहेत. तिच्यातला लांब ‘s’ जवळजवळ ‘f’सारखा दिसतो आणि सुरुवातीला शब्दकोशात भलतेच शब्द शोधण्यात दिवस जातात. मंत्रिमंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते मात्र आधुनिक टंकात, जर्मन संघीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मे १९२१ पासून सुरुवात करा.