कारवी बघायची तर वही आधी घ्या

कारवी, म्हणजे सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप, फुलल्याची बातमी पेपरात आली की मला फोन सुरू होतात. ताई, कुठे जाऊ, किती दिवस राहील, रविवारी चालेल का? मी सांगते, पण मनातून वाटत असतं की हा प्रश्न चार-पाच वर्षं आधी विचारायला हवा होता. फुलं महिना-दीड महिना दिसतात. बाकीची सगळी वर्षं कारवी तिथेच उभी असते आणि आपण तिच्यामधून चालत जातो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फुलं नसताना कारवी ओळखायला शिकणं. पावसाळ्यात डोंगरउतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत, माणसाच्या उंचीची किंवा त्याहून उंच झुडपं एकमेकांना खेटून उभी दिसली की जवळ जा. पानं समोरासमोर, तळहाताएवढी, कडेला दातेरी. पानावरून बोट फिरवा, खरखरीत लागलं पाहिजे. हीच खूण मी मुलांना सगळ्यात आधी दाखवते, कारण एकदा हाताला कळली की विसरत नाही. दिवाळीनंतर पानं गळायला लागतात आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, सगळं रान मेलं. पाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मरंल कशाला, पाऊस येऊ दे." जूनमध्ये त्याच काटक्यांना पालवी आली.

याच काटक्यांच्या कुडाच्या भिंती. कारवी ओळीत लावून वरून माती आणि शेणाचा लेप देतात. असं घर पाहायला मिळालं तर भिंतीचा एखादा पोपडा निघालेला कोपरा जरूर बघा, आत कारवी दिसेल.

आता वर्षांचा हिशोब, कारण सगळा घोळ इथेच होतो. कोणी म्हणतं सात वर्षांनी फुलते, कोणी म्हणतं आठ. माझ्या घराजवळचा येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानातली कारवी २००८ ला फुलली, मग २०१६ ला, मग २०२४ ला. म्हणजे फुलोऱ्यापासून फुलोऱ्यापर्यंत आठ वर्षं. पण २००८ च्या फुलांचं बी रुजलं ते २००९ च्या पावसात, आणि ती रोपं २०१६ मध्ये फुलली. सात वर्षं पुरी झाली आणि आठव्या पावसाळ्यात फूल आलं. दोघंही बरोबर आहेत, एक जण रोपापासून मोजतो आणि दुसरा फुलापासून. तुम्ही वहीत कुठलं वर्ष लिहिताय ते स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे एका वर्षाने चुकाल.

आणि हे वर्ष फक्त त्या डोंगरापुरतं धरा. दुसऱ्या डोंगररांगेतल्या कारवीची गणती वेगळी असू शकते. शिवाय सह्याद्रीत कारवीची भावंडं बरीच आहेत. कासच्या पठारावरची टोपली कारवी बुटकी आणि गोलसर असते, ती ही नव्हे. मुन्नारची नीलकुरिंजी याच कुळातली, पण ती बारा वर्षांनी, २००६ आणि २०१८ ला फुललेली. म्हणून "कारवी कधी फुलणार?" असं विचारू नका. "या उतारावरची कधी फुलली होती?" असं विचारा, आणि ते जंगलात रोज जाणाऱ्या माणसाला विचारा.

एक उतार निवडा. एकच. पायवाटेपासून दिसणारा, दर पावसाळ्यात दोनदा तरी जाता येईल असा. कायम राहणारी खूण धरा, मोठा कातळ किंवा जुनं झाड. वहीत तारीख, झुडपांची उंची आणि एखादं चुकार फूल दिसलं तर तेही लिहा. माझ्या उतारावर २०१५ ला दोन झुडपं एकटीच फुलली होती. तेव्हा मी घाबरले, वाटलं आपला हिशोब चुकला. पुढच्या वर्षी अख्खा उतार जांभळा-निळा झाला. चुकार फुलं दिसली तर निराश होऊ नका, पुढचा पावसाळा रिकामा ठेवा.

फुलण्याच्या वर्षी ऑगस्ट लागला की पानांच्या बगलेत बघायला लागा. तिथे फुलोऱ्याचे हिरवे तुरे दिसतात. हात लावला तर फुलोरा चिकट लागतो, वासही उग्र. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत फुलं मिळतात. मी सकाळी लवकर आणि मधल्या वारी जाते. ढगाळ उजेडात जांभळा रंग फोटोत नीट येतो, कडक उन्हात पांढुरका पडतो.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका. फुललेल्या कारवीवर मधमाश्यांची झुंबड असते, सातेरी तशीच आग्याही. महाबळेश्वर भागातला कारवीचा मध याच हंगामाचा, गडद आणि दाट. पायवाट सोडून दाटीत शिरू नका. आत पाय ठेवायला जागा नसते, रोपं तुडवली जातात, आणि हिरवा चापडा, म्हणजे विषारी साप, त्या पानांत बसला असेल तर तुम्हाला दिसणार नाही. पावसात कुठली वाट खुली आहे ते आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा.

फूल तोडू नका, हे मी हात जोडून सांगते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात ते कायद्याने बंद आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा: कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तुम्ही नेलेला तुरा संध्याकाळपर्यंत कोमेजतो, आणि त्या झुडपाला दुसरी संधी नाही. २०१६ ला एका मुलीच्या केसांत तीन तुरे बघितले आणि मला खरंच रडू आलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर ती सोबतच्या सगळ्यांना अडवत होती.

फुलं संपली की लोक जायचं थांबतात. मला विचाराल तर खरी मजा पुढच्या जूनमध्ये आहे. मेलेली झुडपं सुकलेल्या बोंडांसकट उभी असतात. ती सरपणाला तोडायची घाई कोणी करू नये, बी अजून आत असतं. पहिल्या सरी पडल्या, बोंडं भिजली, की ती तडकायला लागतात. आधी एक, मग दहा, मग सगळा उतार. लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो आणि बी लांब उडतं. यासाठी पहिल्या पावसानंतर लगेच जावं लागतं, आठवडाभर उशीर केला तर फक्त उघडी बोंडं सापडतात. २०२५ च्या जूनमध्ये मी छत्री मिटून तासभर तिथे उभी होते. गालावर एक बी येऊन लागलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी परत जा. जमिनीवर दोन-दोन पानांची रोपं दाटीने आलेली असतात, पाय जपून टाका. वहीतलं नवं पान तिथेच उघडा. माझ्या पानावर वर "रोपं, २०२५" आणि खाली पेन्सिलीने "२०३२" लिहिलंय.