मोटारसायकलचे टायर बदलताना आणि नवा टायर जोखताना या चुका टाळा

नवा टायर बसवून दुकानातून बाहेर पडल्यावर पहिल्या दहा-वीस किलोमीटरांत स्वार जो निकाल देतो, तो बहुतेक वेळा नव्या टायरविषयी नसतोच. तो जुन्या टायरच्या सवयीविषयी, बसवणाऱ्याच्या हाताविषयी किंवा आत भरलेल्या हवेविषयी असतो. ‘हा टायर कडक आहे’, ‘गाडी वळताना पडल्यासारखी वाटते’, ‘साठच्या पुढे हँडल थरथरते’ या तीन तक्रारी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत आणि त्यांतली एक स्वतःही केली आहे, की आता टायरला दोष देण्यापूर्वी बाकीच्या गोष्टी तपासण्याचा नियमच केला आहे.

पहिली चूक टायर बदलण्याच्या आधीच घडते, ती म्हणजे जुना टायर न पाहता टाकून देणे. मराठवाड्यातले रस्ते बहुतांशी सपाट आणि सरळ आहेत. परभणी, जालना, लातूर या भागांत रोज ये-जा करणाऱ्याच्या मागच्या टायरचा मधला पट्टाच झिजतो आणि कडा जवळजवळ कोऱ्या राहतात. गोलाकार टायर असा हळूहळू चपटा होत जातो. ही झीज महिनोन्‌महिने चालत असल्यामुळे आपला हातही तिच्याशी नकळत जुळवून घेतो आणि वळणावर गाडी झुकवायला थोडा जास्त जोर लावू लागतो. मग नवा, पूर्ण गोल टायर बसला की तोच जोर जास्त ठरतो आणि गाडी झटकन आत जाते. यालाच लोक ‘पडल्यासारखे’ म्हणतात. खरे तर गाडी आता कुठे मूळ वागणुकीवर आलेली असते. चपट्या टायरचा दोष सपाट रस्त्यावर लपून राहतो आणि कन्नडच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर गाडी वाकवताना, चपट्या भागाच्या कडेवरून पलीकडे जाण्याच्या क्षणी, एकदम उघडा पडतो.

जुना टायर आणखीही काही सांगतो. झीज एकाच बाजूला असेल तर मागचे चाक सरळ रेषेत नव्हते, अशी शंका घ्यावी. मध्यभाग फारच लवकर गेला असेल तर हवा सतत जास्त राहिली असावी आणि दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी. पुढच्या टायरवर नक्षीचे ठोकळे एका दिशेने तिरके झिजून खालीवर झाले असतील तर हवेबरोबरच पुढच्या शॉकअपचे तेल आणि स्टिअरिंगचे बेअरिंगही पाहून घ्यावे. हे कारण तसेच ठेवून नवा टायर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

टायर कधी बदलावा, याचा निर्णय अंदाजावर सोडू नये. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात आणि त्यांची जागा दाखवण्यासाठी टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. झीज त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. मात्र ०.८ ही शेवटची मर्यादा आहे आणि जूनच्या पहिल्या पावसात तिच्या भरवशावर राहू नये. गुळगुळीत टायरवर गरम सळईने किंवा ब्लेडने नव्या खाचा पाडून देणारे कारागीर अजूनही भेटतात. अशाने रबराचा उरलेला पातळ थरही कापला जातो आणि खालचे धागे उघडे पडतात. स्वस्तातला हा उपाय कोणीही करू नये.

खरेदी करताना

टायरच्या बाजूवर ८०/१००-१८ ५४पी असे काही लिहिलेले असते. ८० ही मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० ही रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १८ हा रिमचा इंचांतला व्यास. पुढचे ५४ बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि चूक तिथेच होते. तो भार निर्देशांक आहे. ५४ म्हणजे टायर २१२ किलो भार पेलतो, तर ४७ म्हणजे १७५ किलो. काही १०० सीसीच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या टायरचे माप अगदी सारखे असते, फक्त पुढचा ४७चा आणि मागचा ५४चा असतो. ‘साइज तर एकच आहे’ म्हणून पुढचा टायर मागे चढवला आणि मागे बसणाऱ्यासह खताची पिशवी लादली, तर टायरवर त्याच्या कुवतीबाहेर ताण येतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे आहे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एल म्हणजे १२०.

उत्पादनाची तारीख चार अंकांत असते. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. आपल्याकडे अनेक दुकानांसमोर टायर दिवसभर उन्हात टांगलेले असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांच्या उन्हात लोंबलेल्या रबराचे वय कागदावरच्या वयापेक्षा जास्त असते, असे मी मानतो. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर सवलत कितीही असली तरी तो टायर नाकारावा.

रुंद टायर बसवण्याचा मोह तरुणांना फार असतो. ८०/१००-१८ ऐवजी १००/९०-१८ घेतला तर भिंतीची उंची ८० वरून ९० मिलिमीटर होते आणि एकूण व्यास सुमारे ६१७ वरून ६३७ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक वाढतो. त्यामुळे उचल मंदावते आणि वळताना गाडी जड वाटते. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जाऊन त्याचा आकारच बदलतो. आपल्या भागात याहून वाईट परिणाम पावसाळ्यात दिसतो. काळ्या मातीच्या पाणंदीतून जाताना टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट चिखलाने भरते, आणि ती फट आधीच टायरने खाल्ली असेल तर शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. मग काडी घेऊन बांधावर बसण्याशिवाय गत्यंतर नसते.

बसवताना

इथे दुकानदाराच्या शेजारी उभे राहावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

बाण सर्वांत आधी पाहावा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो आणि तो गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने हवा. पुढेमागे दोन्हीकडे चालणाऱ्या काही टायरांवर दोन बाण असतात, पुढच्या चाकासाठी एका दिशेने आणि मागच्यासाठी उलट, कारण मागच्या टायरवर मुख्य जोर इंजिनाच्या ओढीचा येतो आणि पुढच्यावर ब्रेकचा. नक्षीच्या दिशेवरून अंदाज बांधू नये, बाणच पाहावा. टायरच्या बाजूवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग असतो, आणि तो व्हॉल्व्हसमोर ठेवला की तोल बराचसा साधतो.

ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालू नये. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते. ती घडी घासून दोन-तीन महिन्यांत तिथेच पंक्चर होते आणि दोष वेड्या बाभळीच्या काट्यावर जातो. तारांच्या चाकात रिमवरची रबरी पट्टीही पाहावी, नाहीतर तारांची टोके ट्यूबला टोचतात. ट्यूबलेस टायर असेल तर व्हॉल्व्ह नवा घ्यावा, टायरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते.

टायरची कड, जिला कारागीर बीड म्हणतात आणि जिचा आमच्या शेजारच्या जिल्ह्याशी काही संबंध नाही, ती रिममध्ये सगळीकडून सारखी बसली पाहिजे. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. चाक हळू फिरवून त्या रेघेचे रिमपासूनचे अंतर दोन्ही बाजूंनी पाहावे. एखाद्या ठिकाणी ती आत दबलेली दिसली तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा भरावी लागते. कोरड्या कडेवर नुसता टॉमीचा, म्हणजे टायर चढवण्याच्या लोखंडी पहारीचा, जोर लावणाऱ्याला थांबवावे, कारण त्यात कडेतली तार दुखावते.

कड बसवण्यासाठी कारागीर नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा भरतो, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती नंतर हवा कमी न करण्यात. माझी स्वतःची फजिती नेमकी इथेच झाली. मागचा नवा टायर बसवून मी माजलगावहून पाथरी-मानवतमार्गे परभणीला निघालो, तर रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडी उडत होती आणि कंबर बोलू लागली होती. आठ दिवस मी भेटेल त्याला तो टायर घेऊ नको म्हणून सांगत फिरलो. शेवटी मानवतजवळ एका पंक्चरवाल्या मामांनी गेज लावून आकडा दाखवला, तो ४६ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) होता. ‘टायरला काय बी झालं नाही सायेब, हवा लई हाय,’ एवढेच ते म्हणाले. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे एकट्या स्वारासाठी २८ हवे होते. २८ वर आणल्यावर तोच टायर मला चांगला वाटू लागला, आणि ज्यांना घेऊ नका म्हणून सांगितले होते, त्यांना पुन्हा फोन करावे लागले.

मागचे चाक परत चढवताना चेनचा ताण आणि चाकाची सरळ रेषा या दोन गोष्टी नव्याने ठरतात, त्यामुळे टायर बदलल्यावर ‘गाडी एका बाजूला ओढते’ ही तक्रार आली तर आधी स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा मोजाव्यात. त्या सारख्या घरावर असल्या पाहिजेत. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेट धरून ठेवणारा अँकर बोल्ट आणि त्याची पिन परत बसली का, हे डोळ्यांनी पाहावे. तो बोल्ट सुटला तर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जाम होऊ शकते. चाक बाहेर आहे तोवर बेअरिंग बोटाने फिरवून खरखर जाणवते का ते पाहावे आणि मागच्या चाकात चेनचे धक्के शोषणारे कपलिंग रबर सैल झाले असेल तर त्याच वेळी बदलावे.

थरथर कुठून येते

थरथर जाणवली तर मोकळ्या रस्त्यावर तो वेग आल्यावर थ्रॉटल सोडून क्लच दाबावा. थरथर थांबली तर ती इंजिनाकडची आहे आणि तशीच राहिली तर चाकांची. मग गाडी मोठ्या स्टँडवर लावून चाक फिरवावे आणि टायरच्या जवळ एक पेन्सिल स्थिर धरावी. टायर पेन्सिलीशी वरखाली होत असेल तर बहुधा कड नीट बसलेली नाही, आणि रिमच डावीउजवीकडे हलत असेल तर ती वाकलेली आहे किंवा तारा सैल आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर रोखणारे द्रव ओतलेले असेल तर तोल बिघडण्याचे तेही एक कारण असते. यातले काहीच नसेल आणि टायरच्या भिंतीवर फुगवटा दिसत असेल, तरच दोष टायरचा मानावा आणि बिल घेऊन दुकानात जावे.

जोखताना

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आलेला, गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवावी, ब्रेक सावकाश लावावा आणि झुकण्याचा कोन रोज थोडा वाढवावा. या काळात पकडीविषयी मत बनवू नये. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेल्या काळ्या चिखलावरून गाडी घसरली म्हणून टायर वाईट ठरत नाही. त्या चिखलावर कोणताच रस्त्याचा टायर तग धरत नाही.

दोन्ही टायर एकाच दिवशी बदलले तर कोणत्या चाकाने काय बदलले, ते कळत नाही. दोन्ही बदलणे भागच असेल तर हरकत नाही, पण निवड असेल तर मध्ये आठवडा जाऊ द्यावा. तुलना करताना रस्ता, वजन आणि हवा तीच ठेवावी. हवा गार टायरमध्येच मोजायची, म्हणजे सकाळी गाडी काढण्यापूर्वी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की साधारण एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात पहाटे २८ भरलेला टायर दुपारी उभ्या गाडीतच ३१ दाखवील आणि चालल्यावर त्याहून जास्त. तो आकडा पाहून हवा सोडणाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी २४ वर धावते आणि मग नवा टायर ‘मऊ’ व ‘डोलणारा’ ठरतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा उलटा परिणाम होतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा गेजवर दोन-तीनने कमी दिसते, गळती मुळीच नसताना.

खरी गळती ओळखायची तर सलग चार सकाळी त्याच गेजने आकडा लिहून ठेवावा. तो रोज उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहावे, मग कडेभोवती पाणी सोडून पाहावे. ट्यूबलेस मॅकव्हीलवर, म्हणजे तारांऐवजी ओतीव आऱ्यांच्या चाकावर, जुन्या टायरचे रबर आणि गंज कडेच्या जागी चिकटून राहिला असेल तर नवा टायर तिथूनच श्वास सोडतो. अशा वेळी टायर पुन्हा उतरवून रिमची ती कड घासून साफ करून घ्यावी लागते, आणि हे काम पहिल्याच वेळी करून द्यायला हवे होते, हे दुकानदाराला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.