गावातल्या जुन्या शाळेचं वय कसं काढायचं

शाळेची स्मरणिका काढायची ठरली की कोणीतरी जाऊन कोनशिलेवरचं साल बघून येतं आणि तेच छापलं जातं. मी पण हेच केलेलं. नंतर कळलं की ती संगमरवरी पाटी फक्त कोपऱ्यातल्या एका खोलीच्या देणगीची होती, मागचा हॉल तिच्याहून कितीतरी जुना, पण तोवर छापून वाटून सगळं झालेलं!

तर आधी एक लक्षात घ्या, शाळेचं वय वेगळं आणि इमारतीचं वेगळं. कित्येक शाळा सुरुवातीला देवळात नाहीतर कोणाच्या तरी वाड्यात भरायच्या. उलटंही असतं, साताऱ्याचं हायस्कूल भरायचं जुन्या राजवाड्यात, म्हणजे इमारत आधीची आणि शाळा नंतरची. तिथल्या रजिस्टरला ७ नोव्हेंबर १९०० ला १९१४ नंबरवर भिवा रामजी आंबेडकर (म्हणजे बाबासाहेब) ही नोंद आहे, इंग्रजी पहिलीचा प्रवेश. शाळेचं वय अशा जुन्या नोंदींतूनच कळतं, म्हणून हेडमास्तरांना चहा पाजून जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची वही) आणि शेरेबुक (तपासणीच्या शेऱ्यांची वही) मागा, जुनी पानं मोडीत असली तर मोडी येणारं माणूस सोबत न्या. साहेब तपासणीला आले की शेरेबुकात "छप्पर गळते" असलं काहीतरी लिहून जायचे, दुरुस्तीची सालं तिथेच सापडतात.

मग कौलं. वर अजिबात चढू नका, शाळेच्या मागे उरलेल्या कौलांचा ढीग हमखास असतो, त्यातलं एक उलटं करून माती पुसा. बासेल मिशन (कौलांचे कारखाने चालवणारं ख्रिस्ती मिशन) आणि १८६५ असा ठसा दिसला की लोक उड्या मारतात, पण ते साल मंगळूरचा कारखाना निघाला त्याचं, तुमचं कौल भाजलं त्याचं नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि ठसा बदलला, त्यामुळे बासेलवालं कौल बहुतेक त्याआधीचं धरायला हरकत नाही. फक्त जुनी कौलं दुसऱ्या छपरावरून उतरवून आणायची पद्धत होती, तेव्हा एकट्या कौलावर विसंबू नका.

भिंतीचे सांधे बघा. पांढरट आणि किल्लीने खरवडलं की भुगा पडतो तो चुना, राखाडी आणि कडक ते सिमेंट. चुन्याच्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आत कोंडून पोपडे सुटतात, पोपड्याखाली डोकावा. एकाच भिंतीत दोन्ही दिसलं तर जोड कुठे आहे ते शोधा, वाढीव खोली तिथूनच सुरू होते.

वर्गात फळ्याकडे तोंड करून बसा. मोठ्या खिडक्या डाव्या हाताला असतील तर खोली बहुधा शाळेसाठीच बांधलेली, कारण उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून घ्यायचे (फळा नंतर हलवला नाही ना ते मात्र विचारून घ्या).

दारावरचा बोर्ड शेवटी बघा. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला, त्यामुळे "जि. प. शाळा" ही अक्षरं त्यानंतरचीच, आणि रंगाचे थर उडाले असतील तिथे खाली कधीकधी "लोकल बोर्ड" (जिल्हा परिषदेच्या आधी शाळा चालवायचं ते) वाचता येतं, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा म्हणजे उठून दिसेल.