संधिवाताचा गट सोसायटीत कसा चालवावा

आधी वेळ ठरवा, आणि ती सकाळची नको. आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या प्रकारात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो; सातला बैठक ठेवली की ज्यांना सगळ्यात गरज आहे तेच येत नाहीत. दुपारचे चार बरे. जागा तळमजल्यावरची, जवळ कमोड असलेली. सतरंजी अंथरू नका. हात असलेल्या, १८ ते २० इंच उंचीच्या खुर्च्या मांडा. दहा-बारा जण पुरेत. दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी उठून चार पावलं चालायचं.

खरा आधार मात्र बैठकीबाहेर लागतो, म्हणून शेजारच्या घरांच्या जोड्या लावा. सिलिंडरचा रेग्युलेटर बसवून देणं, बरण्यांची झाकणं सैल करून ठेवणं, रक्ततपासणीला एकाच रिक्षाने जाणं. सुरीच्या, चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. दांडा जाड झाला की मूठ आवळावी लागत नाही, बोटांचे सांधे कमी दुखतात.

औषधांबाबत कडक राहा. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. तो वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, जोडीतल्या शेजाऱ्याने त्या दिवशी फोन करावा. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं: चार दिवस बरं वाटतं, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे न्या. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.